काळ्या शाईने लिहा

फॉर्म चाळीस पानांचा.
काळ्या शाईने लिहा, असं वरच छापलंय.
मी निळं पेन घेऊन आलो होतो.

हडर्सफील्डमध्ये चर्चमागच्या हॉलात
दर गुरुवारी दहा ते बारा
चहाचं मोठं भांडं खदखदत असतं
आणि टेबलामागे बसलेली असते डोरीन,
चष्मा दोरीला, खिशात बिस्किटांचा चुरा.
ती डॉक्टर नाही, कौन्सिलचीही नाही.
तिची मुलगी चौतीस वर्षांची आहे
आणि अजून मोज्याच्या शिवणीवरून रडते.
एवढीच तिची पदवी.

जेवताना मुलाला मदत लागते का?
मी लिहिलं, थोडीशी.
डोरीनने चष्मा चढवला.
"थोडीशी म्हणजे किती मिनिटं?"

थोडीशी म्हणजे
वरण एका वाटीत, भात दुसरीत,
एकमेकांना न शिवता.
थोडीशी म्हणजे चमचा निळाच,
तो धुवायला पडला असेल तर उपास.
थोडीशी म्हणजे तो टेबलाखाली, मी गुडघ्यांवर,
आणि वाटी संपेपर्यंत पावणेदोन तास.

"मग तेच लिही ना," ती म्हणाली.
"आणि बरा दिवस लिहू नकोस.
सगळ्यात वाईट दिवस लिही."

आता आमच्याकडे कसं,
पोराचं कौतुक चारचौघांत करायचं नाही, दृष्ट लागते,
आणि उणं तर उंबऱ्याबाहेर जाऊच द्यायचं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
उघडली तर आठवड्याला किती पौंड,
ते हा फॉर्म वाचून कुणीतरी ठरवणार.

रविवारी कराडहून फोन येतो.
उल्का स्क्रीन त्याच्या पाठीकडे धरते.
"बोलत नाही गं अजून?"
"लाजतो हो, आई."
सात वर्षं लाजतोय आमचा कौस्तुभ.

तर मी लिहिला तो फेब्रुवारीतला मंगळवार.
बस स्टेशनचा संडास,
हात वाळवायच्या यंत्राचा तो आवाज,
ओल्या फरशीवर आडवा पडलेला माझा मुलगा,
माझ्या मनगटात रुतलेले त्याचे दात,
रांगेतल्या माणसांचे बूट.
रकान्यात मावेना. डोरीनने जादा पान दिलं.
लिहिताना वाटत राहिलं
मी चुगली करतोय,
पोराची, पोराच्या पाठीमागे.

म्हणून शेवटी समासात, बारीक अक्षरात:
तो वेलदोड्यांची रांग लावतो. साठ-सत्तर.
एक काढून घेतला तर न मोजता त्याला कळतं.

"हे खोड," डोरीन म्हणाली,
"हे वाचून ते पैसे कापतील."
मी खोडलं.
ती जरा वेळ गप्प.
मग म्हणाली, "वेलदोडे कुठले, हिरवे?"

निघताना तिने ड्रॉवरमधून चावी काढली,
बोजड, जुन्या तिजोरीला शोभेल अशी.
म्हणाली, या देशात आपल्या पोरांसाठी
कुलूपबंद संडास आहेत,
स्टेशनांत, बागांत, समुद्रावर,
आणि बहुतेकांना ही एकच चावी लागते.
तिथे रांग नाही, बूट नाहीत.
आत ते यंत्र असलंच तर बटणाला हात लावू नको,
बाहीला पूस.
"कुणी आपणहून सांगत नाही हे.
मला नऊ वर्षांनी कळलं."

बसमध्ये पूर्ण वेळ
चावी मांडीला टोचत होती.
मी खिसा बदलला नाही.

रविवारी फोन आला.
उल्काच्या हातांत कणीक, म्हणून मी घेतला.
"लाजतोच का अजून?"
"नाही हो आई. लाजत नाही.
त्याला बोलता येत नाही."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
गॅस बारीक केल्याचा आवाज.
मग सासूबाई म्हणाल्या,
"जेवतो ना पण?"

"जेवतो," मी म्हणालो.
"पावणेदोन तास लागतात."